मामांचे उंदीर आणि माझी तीन बोटं

माझ्या मामेसासऱ्यांइतका भित्रा माणूस कल्याण ते कर्जत या टापूत दुसरा झाला नसेल. यजमानांचे हे मामा मुंबईच्या एका वैद्यकीय कॉलेजात प्रयोगशाळेतले मदतनीस. निवृत्त होऊन बदलापुरात आमच्या शेजारच्या दोन खोल्यांत आले, तेव्हा त्यांच्या सामानात एक ट्रंक, एक वळकटी आणि पांढऱ्या उंदरांचे सहा पिंजरे होते. लग्नाला भिऊन एकटे राहिलेले. विजेला भ्यायचे, विहिरीला भ्यायचे, आणि माशाच्या काट्याला तर इतके, की माझ्या सासूबाई साठीला टेकलेल्या या धाकट्या भावाला ताटात मासा निवडून वाढायच्या. बाजाराच्या वाटेवर एक बैल बसायचा, म्हणून मामा चामटोलीपर्यंत वळसा घालून येतात, असं यजमान म्हणायचे. ते वाढवून सांगत असतील. पण मामांनी आणलेली मेथी घरी पोचेपर्यंत माना टाकायची एवढं खरं.

गंमत म्हणजे ते उंदरांनाही भ्यायचे. पोत्याचे जाड हातमोजे शिवून घेतले होते, ते चढवून पिंजऱ्यात हात घालताना चेहरा दुसरीकडे फिरवायचे आणि उंदराला अहो-जाहो करायचे. "अहो, जरा पाय पुढे करा बघू. रागावू नका." उंदराला ईथरची गुंगी द्यायची, मांडीतला तंतू चिमट्याने दाबायचा किंवा कापून बारीक दोऱ्याने जोडायचा, आणि मग त्या पायाला टोचलेलं पुन्हा कधी कळतं ते रोज टाचणी लावून बघायचं, हे काम कॉलेजात डॉक्टर करायचे आणि मामा हाताखाली टाचणी लावायचे. इथे सगळं ते एकटेच करत. उंदराने पाय मागे घेतला की वहीत फुली, आणि मामांना दिवसभर आनंद. मी एकदा "पायाची शीर" म्हणाले तर दुखावले. "शीर नव्हे गं, मज्जातंतू. शिरेत रक्त असतं. तंतूत बातमी असते."

मला हे सगळं किळसवाणं वाटायचं. मग नवरात्राच्या आधी कंदिलाची काच धुताना ती हातात फुटली आणि उजव्या मनगटात खोल गेली. यजमान अंबरनाथला कारखान्यात होते. रक्त बघून मामा भिंतीला धरून खाली बसले, पण बसल्या बसल्या ओरडून टांगा त्यांनीच थांबवला. उल्हासनगरला, कॅम्प दोनमध्ये, एक सिंधी डॉक्टर बराकीतच दवाखाना चालवायचे. त्यांनी रक्त थांबवलं, माझ्या बोटांना एकेक करून टाचणी लावली, आणि अंगठा आणि त्याच्या शेजारच्या दोन बोटांपाशी थांबले. "बेटी, कुछ मालूम पडा?" मला काहीच कळलं नव्हतं. "अंदर की नस कटी है. ये मेरे बस का नहीं. बंबई ले जाओ, आजच्या आज."

मामांच्या ओळखीचे सर्जन होते. त्यांनी तंतू जोडला आणि सांगितलं, संवेदना येईल किंवा येणारही नाही.

मी घरी आले तेव्हा माझी मुलगी चार महिन्यांची होती. हाताला प्लॅस्टर होतं तोवर ठीक. ते निघाल्यावर खरी भीती सुरू झाली. एका सकाळी तिला न्हाऊ घालायला बसले, सवयीने उजव्या हाताची तीच तीन बोटं पाण्यात बुडवली, चटका लागला नाही म्हणून कोमट आहे असं वाटलं. तांब्या उचलला आणि सासूबाई किंचाळल्या. पाण्यातून वाफा येत होत्या. माझ्या तिन्ही बोटांवर फोड आले, आणि मला त्यांची खबरही नव्हती. त्यानंतर मी मुलीला उजव्या हाताने शिवेनाशी झाले. शेजारणींनी फोड पाहिले, दुखत नाहीत हे ऐकलं, आणि हळूहळू आमच्याकडे येणं सोडलं. काय समजल्या ते कुणी उच्चारलं नाही. पण बधिर बोटांचा एकच रोग तेव्हा सगळ्यांना ठाऊक होता, महारोग.

मामा रोज यायचे. पेन्सिलीने मनगटापासून तळव्यावर टिचक्या मारत जायचे. "मुंग्या कुठवर?" मी सांगेन तिथे शाईचा ठिपका द्यायचे. "तंतू वाढतोय. दिवसाला दाभणाच्या जाडीइतका. बोटाच्या टोकापर्यंत म्हणजे वैशाख उजाडेल."

पौषात ठिपका तळव्याच्या मध्यावर अडला. एक आठवडा, दोन, तीन. मी विचारायला मामांच्या खोलीत गेले तर ते घाईघाईने एका पिंजऱ्यावर फडकं टाकत होते. मी ते ओढलं. आतल्या उंदराच्या एका पायाला बोटंच नव्हती.

"कुणी तोडली?"

मामांनी फडकं पुन्हा पिंजऱ्यावर ओढलं. "त्याचं त्याने. तंतू परतला नाही, तर कधी कधी कुरतडतात. पाय आपला आहे हेच त्यांना कळेनासं होतं बहुतेक."

त्या दिवसापासून मी झोपताना बोटांना फडकं गुंडाळू लागले. आणि मामा, तेही घाबरले होते, पण दुसऱ्या दिवशी त्याच बैलाच्या वाटेने, वळसा न घालता, स्टेशनवर गेले, सर्जनना भेटून आले आणि धापा टाकत म्हणाले, "थांबतो तो मध्ये मध्ये. माणसांतही थांबतो. विचारून आलोय."

माघात ठिपका हलला. वैशाखात एका दुपारी मामांनी डोळे मिटायला सांगितलं, मधल्या बोटाच्या टोकाला टाचणी लावली, आणि मी अशी ओरडले, की टाचणी टाकून तेच दाराबाहेर पळाले. परत आले ते रडत. सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली. मामांनी वही उघडली, फुली मारली, आणि मग पेन्सिल तशीच धरून मला म्हणाले, "बावीस वर्षं टोचतोय. सांगू शकेल असं पहिल्यांदाच कुणीतरी भेटलं. सांग ना, परत येताना कसं वाटतं?"

"दुखतं, मामा. विंचू चावल्यासारखं. महिना झाला. पदर लागला तरी कळ येते. हात कापला त्या दिवशीसुद्धा एवढं दुखलं नव्हतं."

"मग बोलली नाहीस?"

"बरं होतंय ना, म्हणून."

मामांनी पिंजऱ्यांकडे पाहिलं. "ते पाय मागे घ्यायचे," हळू आवाजात म्हणाले, "तेव्हा मी पेढे वाटायचो गं."

त्यानंतर त्यांनी एकाही उंदराला टाचणी लावली नाही. नवे आणले नाहीत. होते त्यांना भिजवलेले हरभरे आणि दूधभात घालत राहिले. एकेक करून ते म्हातारपणाने गेले. माझी कळ मात्र जायला दोन वर्षं लागली. ज्या दिवशी लक्षात आलं, की सकाळी मुलीची वेणी घातली आणि बोटं जराही दुखली नाहीत, तशीच मामांकडे गेले.

"मामा, दुखायचं थांबलं. पूर्ण."

शेवटचा पिंजरा गेल्याच महिन्यात रिकामा झाला होता. मामा तो धुऊन उन्हात वाळवत होते. त्यांनी माझी बोटं हातात घेतली, एकेक दाबून पाहिली.

"बरं झालं," ते म्हणाले. मग रिकामा पिंजरा उन्हाकडे वळवत, "त्यांनाही सांगता आलं असतं तर."