अर्ध्या एचपीचा स्वेटर

स्वित्झर्लंडला जायचं ठरलं तेव्हा आमच्या घरात विचारला गेलेला पहिला प्रश्न होता, पाणी कोण भरेल?

पासपोर्ट, व्हिसा, गरम कपडे हे प्रश्न मागून आले आणि त्यांना उत्तरंही मिळाली. पाण्याचा प्रश्न शेवटपर्यंत राहिला, आणि तो राहण्याचं कारण मी होतो.

यवतमाळात आमच्या गल्लीत उन्हाळ्यात नळ दहा-अकरा दिवसांनी येतो. कधी नवव्याला येतो, कधी बाराव्याला. त्यामुळे घरातलं एक माणूस नळासाठी राखून ठेवावं लागतं. आमच्या लग्नाला एकतीस वर्षं झाली, पण उन्हाळ्यात मी आणि मंदा दोघं मिळून कुठे गेलो असं एकदाही झालं नाही. वणीला लग्न होतं तेव्हा मी गेलो आणि मंदा घरी ड्रम भरत बसली. (लग्न तिच्या सख्ख्या भाचीचं होतं. मी जेवून आलो.) मी स्वतः पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालो आहे. हे मी आपणहून कुणाला सांगत नाही.

तर पुण्याच्या आमच्या मुलीनं, पल्लवीनं, परस्पर आमचं बुकिंग करून टाकलं. मे महिन्यात, आठ दिवस, ग्रुपबरोबर. मग तिनं व्हिडिओ कॉलवर आईला बर्फाचे डोंगर दाखवले. मंदानं ते सगळे शांतपणे पाहिले आणि विचारलं, "हॉटेलात नळ चोवीस तास राहते का?"

"आई, स्वित्झर्लंड आहे ते."

"राहते का, ते सांग ना."

"राहतो गं."

"मंग जमलं. मले बर्फ नाही पाहायचा. आठ दिवस पाण्याची वाट नाही पाहायची, बस."

एवढंच म्हणून ती उठली आणि कालचं भांड्यांचं पाणी कुलरमध्ये ओतायला गेली. मला त्या दिवशी खरंच वाईट वाटलं. ठरवलं, काही झालं तरी हिला न्यायचंच. पुढचा महिनाभर मी नेमकं उलट वागलो, ते वेगळं.

पहिली अडचण तारखेची निघाली. आमच्या कॅलेंडरवर सणवार नसतात, लाल गोल असतात, नळाचे. मी टूर कंपनीतल्या मुलीला फोन लावला.

"ताई, सतराच्या ऐवजी एकोणीसला नाही का निघता येणार? सतराच्या आसपास नळ आहे."

"कुठला नळ, काका?"

"आमचा."

ती म्हणाली, "काका, चाळीस माणसांचा ग्रुप आहे. असं एका नळासाठी नाही बदलता येत."

"एका नळावरही तेवढीच माणसं आहेत," मी म्हटलं. पण पुण्या-मुंबईच्या माणसांना सगळंच समजावून सांगता येत नाही.

मग चावी कुणाकडे द्यायची, हा मुद्दा आला. मंदा म्हणाली, "त्याच्यात काय एवढं? वानखडे सरांले देऊ."

"त्यांच्याशी आपण बोलत नाही."

"तुम्ही बोलत नाही. माझं काय बिघडवलं त्यायनं?"

वानखडे सर आमचे भिंतीला भिंत शेजारी. शाळेत पीटी शिकवायचे. निवृत्त झाले तरी शिटी गळ्यातच आहे. नळ आला की ते गल्लीत उभे राहून ती वाजवतात. गल्लीचा व्हॉट्सॲप ग्रुपही तेच चालवतात. सहा वर्षांपूर्वी, एका एप्रिलमध्ये नळाची धार करंगळीएवढी झाली, तेव्हा मी रस्त्यात उभा राहून ओरडलो होतो, "कोणीतरी पंप लावून पाणी ओढून राह्यलं! मले माहीत आहे कोण ते!" आणि बोट सरांच्या फाटकाकडे केलं होतं. सरांनी सगळ्या गल्लीला घरात बोलावलं, मोरी दाखवली, संडासाच्या मागची जागा दाखवली. पंप नव्हता. तेव्हापासून मी दिसलो की ते आभाळाकडे पाहायचे.

माझं घर कुणी पाहिलं नाही. जो ओरडतो त्याचं घर कुणी पाहत नाही. मी ओरडत होतो तेव्हा आमच्या अंगणात एक टब पालथा घातलेला होता, टबावर जास्वंदीची कुंडी होती, आणि टबाखाली अर्ध्या एचपीचा पंप चालू होता.

तेव्हा चावी देणं म्हणजे काय, हे तुमच्या लक्षात आलं असेल. मी वेगवेगळे पर्याय सुचवू लागलो. घाटंजीच्या माझ्या मेव्हण्याचं नाव घेतलं. मंदा म्हणाली, "तो येईन आन् बायको-लेकरं घेऊन येईन. आपण येईतोवर तळाचं बी पाणी राहणार नाही." मग मी म्हटलं, कशाला भरायचं, आपण घरी नसणारच आहोत. त्यावर ती म्हणाली, "अन् आल्यावर आठ दिवसांचे कपडे कायनं धुवाल? थुंकीनं?"

शेवटी मी म्हटलं, "तू जा पल्लवीसोबत. मी थांबतो."

मंदानं तव्यावरची पोळी तशीच राहू दिली. "सरांले खरं सांगून टाका," ती म्हणाली. "माफी मागा. एका वाक्याचं काम आहे. त्या डबड्यापायी मी आणखी एक उन्हाळा घरी बसणार नाही."

दुसऱ्या दिवशी तीच सरांकडे जाऊन आली. संध्याकाळी सर आमच्याकडे आले, ड्रम मोजले, टाकीचं झाकण उघडून पाहिलं, वहीत लिहून घेतलं आणि सहा वर्षांत पहिल्यांदा माझ्याशी बोलले.

"साहेब, बेफिकीर जा. तुमचा एक बी ड्रम रिकामा राहणार नाही. आमच्याकडे पाणी बारीक येते, पण तुमचं आधी भरतो."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मंदा सरांच्या मागे उभी राहून मला डोळ्यांनी खुणावत होती, आता सांगा, आता सांगा. मी म्हटलं, "सर, चहा घ्या."

सर गेल्यावर ती म्हणाली, "उद्यापर्यंत तुम्ही सांगतलं नाही तर मी सांगीन."

"आता सांगायची गरजच नाही," मी म्हटलं. "पंप काढून मिस्तरीला देऊन टाकतो. विषय संपला."

नशिबानं नळ पंधरालाच आला. शेवटचं पाणी ओढून घेतलं आणि दुपारी, गल्ली कुलरसमोर झोपलेली असताना, मी पाना घेऊन बसलो. चव्वेचाळीसच्या उन्हात तो पंप निघायला दोन तास लागले. मिस्तरीकडे काही मी तो दिला नाही. (चांगला पंप आजकाल मिळत नाही.) मफलरमध्ये गुंडाळला, वरून माकडटोपी घातली, जुन्या निळ्या बॅगेत ठेवला, कुलूप लावलं आणि बॅग पलंगाखाली सरकवली.

सतराला सकाळी सहाला गाडी आली. सर ट्रॅकसूट घालून हजर होते. मंदा देवाजवळ साखर ठेवत होती, मी पासपोर्ट तिसऱ्यांदा पाहत होतो. तेवढ्यात सर आतून बाहेर आले. खांद्यावर निळी बॅग होती.

"साहेब, ही पलंगाखाली राहून गेलती."

"ती नको."

"काहून? काय आहे तिच्यात?"

आजूबाजूची चार घरं निरोप द्यायला उभी होती. "स्वेटर," मी म्हटलं.

"मंग तर घ्यायलेच पायजे. तिथं बर्फ आहे ना बाप्पा." सरांनी ती डिकीत टाकली. गाडीचं मागचं चाक थोडं खाली बसलं. "लय भारी स्वेटर आहे तुमचे."

वाटलं, नागपूरला पोचल्यावर ड्रायव्हरबरोबर गुपचूप परत पाठवू. तर मंदा म्हणाली, "सर, तुम्ही बी चला ना सोडायले." आणि सर पुढच्या सीटवर बसले.

कळंबच्या पुढे स्पीडब्रेकर लागला. डिकीत धाडकन आवाज झाला.

"स्वेटर वाजते काहून?" सरांनी विचारलं.

"बूट आहेत त्यात."

पुढच्या स्पीडब्रेकरला पुन्हा आवाज झाला. वर्ध्यापर्यंत सर खिडकीतून आभाळाकडे पाहत होते.

विमानतळावर सरांनी स्वतः तिन्ही बॅगा ट्रॉलीवर ठेवल्या आणि ते काचेबाहेर उभे राहिले. आत काउंटरवरची मुलगी म्हणाली, "काका, माणशी एकच बॅग. ही तिसरी उघडा, यातलं सामान त्या दोन्हींत बसवा. लवकर करा, काउंटर बंद होतंय."

मी किल्ली हरवल्याचं सांगितलं. मंदानं माझ्या खिशात हात घालून ती काढली, बॅग उघडली आणि माकडटोपी उचलली.

"हे काय आहे, काकू?" मुलगी वाकून पाहत म्हणाली.

"पंप," मंदा म्हणाली.

"स्वित्झर्लंडला?"

"ह्यांले विचार."

मी म्हटलं, इथेच कोपऱ्यात ठेवून देऊ. दारावरचा जवान म्हणाला, लावारिस सामान छोड़ना मना है. मग मी काचेकडे पाहिलं. सर हात हलवत होते.

मंदा आवाज न चढवता म्हणाली, "तुम्ही बाहेर जाऊन त्यायले देता, का मी त्यायच्यासोबत घरी जाऊ? मले काय, सवय आहे."

तिच्या पायात नवे बूट होते. आयुष्यात पहिल्यांदा बूट घातले होते तिनं, आणि लेस मी बांधून दिल्या होत्या. मी पंप दोन्ही हातांत उचलला आणि निघालो. टोपी मंदानं त्याला परत घातली होती. लोक बाजूला होऊन वाट देत होते.

जवानानं मला दारातून बाहेर सोडलं. "सर," मी म्हटलं, "सहा वर्षांपूर्वी ते पाणी मीच ओढत होतो. चूक झाली. माफ करा."

सरांनी पंप हातात घेतला. टोपी काढून पाहिला, तोलला, खालून बोटानं वाजवला.

"वीण लय घट्ट आहे साहेब," ते म्हणाले. "जा आता, विमान सुटन."

आम्ही गेलो. बर्फ पाहिला, रेल्वेत बसलो. हॉटेलात मंदा रोज सकाळी नळ सोडायची, थोडा वेळ पाहायची आणि बंद करायची. बाकी तिनं आठ दिवसांत एकही भांडं भरलं नाही.

शेवटच्या दिवशी, म्हणजे चोवीसला, एका लहानशा गावात थांबलो. चौकात दगडी हौद होता आणि त्यात नळाचं पाणी नुसतं पडत होतं. भरायला कुणी नाही, बंद करायला कुणी नाही. मंदानं बूट काढून ठेवले, हौदाच्या काठावर बसली, मनगटापर्यंत हात पाण्यात घातले आणि कितीतरी वेळ तसेच ठेवले. मी तिच्या शेजारी बसलो, कुणाकडून तरी फोटो काढून घेतला आणि हौसेनं गल्लीच्या ग्रुपवर टाकला.

ग्रुपवर आधीच सरांचा एक मेसेज येऊन पडला होता, तो मी पाहिला नव्हता. "आज आपल्या गल्लीत सर्वांकडे पाणी फोर्सने आले. माझ्याकडे वरच्या टाकीत आपोआप चढले. साहेबांचे सर्व ड्रम भरून ठेवले आहेत."

त्याखाली आमचा हौदाचा फोटो. आणि फोटोखाली मिनिटभरात सरांचं उत्तर: "पंप पाठवू का?"

त्याखाली सगळ्या गल्लीचे हसरे चेहरे येऊ लागले, ते थांबेचनात. मी ग्रुप सोडला. माणसाला काही स्वाभिमान असतो.

"सोडला?" मंदानं पाण्यातून हात न काढता विचारलं. "अन् आता पुढचा नळ कधी येईन, ते कोण सांगन?"

मी जरा वेळ डोंगरांकडे पाहिलं. मग सरांचा नंबर काढला आणि लिहिलं, "सर, नमस्कार. परत ॲड करा."