खुंटीवरची टोपी

ये गं, जरा जवळ बस. काल फोनवर मोठ्या तोऱ्यात सांगितलंस, "मावशी, पोरगा दिवसभर मोबाइलवर माणसं मारत बसतो, म्हणून मोबाइल ओढून घेतला आणि दोन ठेवून दिल्या." मारू नये हे शिकवायला दोन ठेवून दिल्यास? शहाणी गं माझी! रुसू नकोस. सोलापुरातली एक केस सांगते. ती घटना आठवली की आजही मला माझीच लाज वाटते.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी पोलीस ठाण्यात नवी महिला शिपाई. बायकामुलांचे जबाब माझ्याकडे, बाकी वेळ आतल्या खोलीच्या दाराशी पहारा. त्या खोलीत आमचे एक हवालदार चोरांकडून कबुली काढायचे. कशी काढायचे, ते तुला कळलंच.

एका दुपारी ठाण्यामागच्या बोळात आठ वर्षांचा मुलगा लिंबाच्या झाडाला बांधलेला सापडला. पाठीवर पट्ट्याचे वळ, भुवई फुटलेली. डोळा थोडक्यात वाचला. त्याला सरकारी दवाखान्यात पोचवलं, पंचनामा केला. कुणी मारलं विचारलं, तर पोरगं एकच सांगे, "डाकूनं."

त्या आठवड्यात मैदानात तंबूचा सिनेमा लागला होता. त्यात डाकू होता, चाबूक होता. साहेब म्हणाले, "बघा, या सिनेमानं पोरं नासवली."

खबर दिली बोळातल्या शिवणकाम करणाऱ्या चाचींनी. "डाकू-बिकू कुछ नै बाई. वो विडीवाली अम्मा की छोकरी है. मैं अपनी आँखां से देखी."

छोकरी दहा वर्षांची. तिला ठाण्यात आणली, तर मागोमाग आई धावत आली. विडीचं पान अजून हातातच. साहेबांनी ठरवूनच टाकलं होतं: उद्या रिमांड होम. त्या माउलीनं माझं मनगट धरलं.

"अक्का, येकच लेकरू हाय की मला. शिनेमा बघिटलीच न्हाय ती. सांजच्याला माझ्यासंगं विड्या द्यायला कारखान्यावर असते."

हे माझ्या डोक्यात अडकलं. मग हे मारणं शिकली कुठं?

मुलीला आत घेतलं. गोड बोलून झालं, दरडावून झालं, ती मान वर करीना. शेवटी मी साडी सावरून फरशीवर बसले. "जाऊ दे. तुमचा खेळ तरी दाखव. मी चोर."

तेव्हा कुठं ती हसली. वर्तमानपत्राची टोपी करून डोक्यावर ठेवली. माझ्याभोवती दोन फेऱ्या मारल्या. मग दोन्ही हातांनी टोपी काढली, भिंतीवरच्या खुंटीला अडकवली, बाह्या वर सारल्या आणि म्हणाली, "सरळ बोलतोस का पट्टा घिऊ?"

कुठला डाकू मारण्याआधी डोक्यावरचं काढून ठेवतो? ही आमच्या हवालदारांची रीत. टोपीवर सरकारचा बिल्ला असतो, तो डोक्यावर ठेवून हात उचलायचा नाही, असं ते म्हणायचे. आधी टोपी खुंटीला, मग पट्टा.

मागं वळले, तर हवालदारच दारात. तळहातावरची तंबाखू मळायची थांबलेली.

"कुटं बघितलंस गं हे?"

"मागल्या खिडकीतनं. तुमी लई भारी करता, काका."

त्यांनी तंबाखू झटकून टाकली. "पर त्याला येवढं का मारलंस?"

"कबूल हुईना की त्यो."

"काय कबूल?"

ती गोंधळली. "ते ठरलंच न्हवतं."

हवालदार तडक साहेबांपुढं जाऊन उभे राहिले. "साहेब, रिमांड होमला मला धाडा. शिकवणी माझी हाय."

साहेबांनी मुलाच्या वडिलांना बोलावून त्यांची संमती घेतली, मुलीला समज दिली आणि तिला आईच्या ताब्यात सोडलं. स्टेशन डायरीत तशी नोंदही झाली. लगेच फर्मान निघालं, मागची खिडकी बुजवा. हवालदार म्हणाले, "ऱ्हाऊ द्या साहेब, उघडीच ऱ्हाऊ द्या."

संध्याकाळी तिला घेऊन दवाखान्यात गेले. तिनं आपला पेरू त्याच्या हातात ठेवला. नाव का लपवलंस विचारलं, तर म्हणतो, "परत खेळायला घेतली नसती." पेरू खाता खाता पट्टी बांधलेलं ते कार्टं तिला म्हणालं, "आता पोलीस मी हां." मी हसले खरी, पण आता मार खायची पाळी तिची होती.

सिनेमानं, गेमनं मुलं बिघडतच नाहीत, असं मी म्हणत नाही. तेवढं मला कळत नाही. पण पडद्यावरचा माणूस तंबू उठला की निघून जातो, आपण मात्र रोज समोर असतो. हवालदारांनी मारलं, आणि मी दाराशी उभी राहून एकदाही "पुरे" म्हटलं नाही. पोरीनं तेही बघितलं असणारच.

त्यानंतर ठाण्यात कुणाला हातच लागला नाही, असं खोटं सांगणार नाही. पण एकदा हवालदारांनी टोपी खुंटीला लावली आणि त्यांची नजर खिडकीकडे गेली. तिथं दोन डोळे होते. त्यांनी टोपी काढून परत डोक्यावर ठेवली आणि समोरच्या माणसाला म्हणाले, "बस. च्या घेतोस?"

तर बाई, पुढच्या खेपेला लेकराला घेऊन ये. त्याचा मोबाइलही आण, मला शिकवू दे तो गेम. चोर मीच होईन. गुडघे कुरकुरतात, पण फरशीवर बसता येतं अजून.