डोंगर उजव्या हाताला

पळत्या बाई प्रत्येक शर्यतीत शेवटच्या येत, आणि शेवटच्या येण्याचा त्यांना कधी कमीपणा वाटला नाही. सावेडीत सगळे त्यांना याच नावाने ओळखत. भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या, यजमान गेलेले, मुलगा परदेशात. सलवार-कमीज, पांढरे बूट, डोक्याला घट्ट बांधलेला रुमाल. पहाटे त्या धापा टाकत निघाल्या की दूधवाला गाडी हळू करून विचारी, "बाई, सोडू का कुठं?" त्या न थांबता म्हणत, "अरे, पोहोचायचंय कुणाला?"

मी तेव्हा नुकतीच एकटी राहू लागले होते. शेजारच्या कुकरची शिट्टी भिंतीतून ऐकू येई आणि आपल्या घरात कशाचाच आवाज नाही, हे त्या शिट्टीने अधिकच कळे. एका सकाळी मी फाटकाशी उभी असताना बाई समोर थांबल्या. "उभी काय राहिलीस पाहुण्यांची वाट बघितल्यासारखी? बूट घाल." मी बूट घातले.

मग स्कूटरवरून आम्ही चांदबिबीच्या महालाच्या डोंगराकडे जाऊ लागलो. पायथ्याने पायवाटेची एक फेरी, सुकल्या गवताचा वास, दूरवर घंटा वाजवत चरणारी शेळ्यांची रांग. एकदा सोपी वाट दिसली म्हणून मी दुसऱ्या बाजूने वळले, तर बाई जागच्या हलेनात. "देवाला कुणी उलटी फेरी घालतं का गं? डोंगर उजव्या हाताला ठेवायचा." पुढे ती सवय माझ्या पायांतही इतकी मुरली की वळताना विचार करावा लागेना.

दम लागला की त्या काळ्या खडकावर तळहात टेकत. वर्गात त्यांची भाषा छापील असायची म्हणतात. पण मन मोकळे झाले की बेलापूरचे माहेर जिभेवर येई. "ह्यो बी आगीचाच हाय बरं का. फकस्त निवलाय." मग थोड्या वेळाने, स्वतःशीच बोलल्यासारखे, "एकदा पेटत्या डोंगराला फेरी घालायची हाय."

गुडघ्याच्या शस्त्रक्रियेचे ठरले तेव्हा ही इच्छा निकडीची झाली. त्यानंतर धावणे बंद, असे डॉक्टरांनी बजावले होते. बालीमधल्या एका ज्वालामुखीभोवती डोंगरवाटेची शर्यत होती. बाईंनी मुलाला कळवलेही नाही, मला म्हणाल्या, "माझी ही शेवटची फेरी. पुरी झाली पाहिजे. तू चल."

तिथली पहाट गंधकाच्या वासाची आणि ओल्या धुक्याची होती. नेहमीप्रमाणे आम्ही सर्वांच्या मागे. डोंगराच्या पायथ्याशी वाट दुभंगली, तोवर पुढचे सगळे धुक्यात विरघळले होते. बाई डावीकडे वळल्या, त्यांच्यामागे मी. डोंगर उजव्या हाताला आला आणि आम्हा दोघींना वाट बरोबर असल्याची खात्री पटली. उजवीकडच्या फाट्यावर शर्यतीचा मार्ग दाखवणाऱ्या फिती लावलेल्या होत्या, त्या आम्ही पाहिल्याच नाहीत.

बऱ्याच वेळाने समोरून एक उंच तरुण वाऱ्यासारखा आला आणि गेला. "भरकटला बिचारा," बाई हळहळल्या. मग आणखी एक आला. मग पाचसहा. बाई थांबल्या. "सगळेच कसे चुकले गं?" आणि छातीवरचा क्रमांक धरून त्या अशा हसल्या की त्यांना खाली बसावे लागले.

परतण्यात अर्थ नव्हता. फेरी तेवढीच होती, दिशा काय ती उलटी. आता शर्यतीतला प्रत्येक जण आमच्या समोरून येऊ लागला. घामाने चकाकणारे कपाळ, कुणाचे रडवेले डोळे, कुणाचे ओठ श्वास मोजत हलणारे. बाई प्रत्येकाला मराठीतून "शाब्बास, शाब्बास" म्हणत होत्या आणि तो प्रत्येक जण हात उंचावत होता. "आत्तापर्यंत मी नुसत्या पाठी बघितल्या," त्या म्हणाल्या. "माणसं आज दिसली."

शेवटचा धावपटू गेला आणि शांतता उतरली. पाण्याची ठाणी उचलून नेलेली. गोठलेल्या लाव्हाच्या काळ्या लाटांमध्ये आम्ही दोघीच. तिथेच त्यांचा गुडघा सुजून दगडासारखा झाला. काठी घेऊन काही पावले, मग तेही नाही. लाव्हाच्या मातीत कांद्याचे वाफे होते. तिथला एक शेतकरी आपला छोटा टेम्पो घेऊन आला आणि त्याने हातानेच मागची जागा दाखवली. मी बाईंना आधार देऊन बसवले आणि स्वतः चढू लागले.

"तू कुठं चाललीस?" बाईंचा आवाज एकदम वर्गातला झाला.

"तुम्हाला एकटं कसं सोडू?"

"मला काय धाड भरलीय? हा कांदेवाला हाय की." मग त्यांनी माझे मनगट धरले. त्यांचा हात तापलेला होता. "फेरी मोडू नको गं. मी नाय, तर तू तरी पुरी कर."

टेम्पो धुरळा उडवत दिसेनासा झाला. उरलेली वाट मी एकटीने धावले. पायांखाली लाव्हाची बारीक खडी करकरत होती, मानेवर ऊन होते, आणि आयुष्यात प्रथमच माझ्या एकटेपणाला कुठेतरी जायचे होते.

पोहोचले तेव्हा शर्यतीची कमान उतरवलेली होती. आम्ही उलट्या दिशेने गेल्यामुळे आमची नोंद होणार नव्हती, असे एका मुलीने नम्रपणे सांगितले आणि ती निघून गेली. रिकाम्या मैदानावर, एकावर एक रचलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्यांपाशी, एका खुर्चीवर पाय लांब करून बाई बसल्या होत्या. मला पाहताच त्या टाळ्या वाजवू लागल्या. एकटीच्या टाळ्या, उघड्या मैदानावर विरून जाणाऱ्या, तरीही मी अगदी जवळ येईपर्यंत न थांबलेल्या. "झाली?" त्यांनी विचारले. मी मान हलवली. तेव्हा कुठे त्या रडल्या.

शस्त्रक्रिया झाली, पण पुढच्याच वर्षी दुसऱ्याच दुखण्याने बाई गेल्या. त्यांच्या दाराला आता कुलूप आहे. मी डोंगराकडे एकटीच जाते. फेरी पुरी झाली की लगेच स्कूटरकडे वळत नाही. धाप ओसरेपर्यंत तिथेच उभी राहते, आणि मग, आसपास शेळ्यांशिवाय कुणी नाही असे पाहून, हळूच म्हणते, "झाली, बाई."