पुंगळीत पुंगळी

मंगळवारी आलेला माल असा… पितळी पुंगळ्यांची पोती चार, प्लास्टिकचे क्रेट सहा, लोहचुंबक एक. हे सगळं कंपनीचं. आमच्या बचत गटाने पदरचे घातले ते दोन चाळण्यांना… दीडशे सांगितले होते, एकशे दहाला घेतल्या. पहिल्या पोत्याला वाहिलेलं हळदकुंकू मात्र घरचं.

पुंगळी म्हणजे बंदुकीची गोळी सुटल्यावर मागे उरते ती रिकामी नळी. नेमबाजीच्या सरावाच्या मैदानावरून या गोळा होऊन येतात, सगळ्या मापांच्या एकत्र. निवडून दिल्या की चांगल्या पुन्हा भरायला परवान्याच्या कारखान्यात जातात, चेपलेल्या-चिरलेल्या भट्टीत. आमच्याकडे फक्त निवडणं.

खरं सांगते, आधी मन घेईना. ज्या हातांनी सकाळी देवाची निरांजनं घासायची, त्याच हातांनी हे? मग कळलं, यांतल्या गोळ्या कागदावरच्या ठिपक्यांवर झाडलेल्या असतात, जिवावर नाही. देवापुढे बोलून घेतलं आणि गेले… 

सिल्वासाजवळ गलोंड्याला कंपनीच्या एका युनिटच्या मागे पत्र्याची शेड आहे, तिथे आम्ही पाचजणी बसतो. काम तसं तांदूळ निवडण्यासारखंच. चुंबकाला चिकटेल ते लोखंड, ते बाजूला. बाकीच्या मापाप्रमाणे वेगळ्या करायच्या. आणि मुख्य म्हणजे प्रत्येकीत डोकावून बघायचं, कारण छोटी पुंगळी मोठीत जाऊन बसते. सुपरवायझर परेशभाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, “बेन, एकात एक अडकलेली गेली ने, तर मशीन बंद.” पहिला माल नीट उतरला तरच वर्षभराचं काम आमच्या गटाला.

आमच्यात सुनंदा सगळ्यात नवी. नंदुरबारकडची, नवरा इथे धाग्याच्या कंपनीत. दोघं दिराच्या खोलीत राहतात… सहा माणसं, एक खोली. सहा वर्षांची लेक गावाला आजीपाशी ठेवलीय. “काम पक्कं झालं की वेगळी खोली घेऊ, मंग पोरीला आणीन,” हे ती रोज म्हणायची. आम्हाला पाठ झालं होतं.

शुक्रवारी माल तपासायला परेशभाई दुपारी येणार होते. आम्ही शेअर रिक्षाने पोचलो, तर सुनंदा आमच्या आधीच हजर. चेहरा नुसता फुललेला. “काकू, बघा ना! क्रेट पुरत नव्हते, उरलेलं सगळं एका क्रेटमध्ये बसवलं!”

बघितलं तर… छोटी पुंगळी मोठीत, छोटी मोठीत. अगदी रांगेने, तळव्याने दाबून घट्ट बसवलेल्या. आपण फडताळात वाटीत वाटी घालतो ना, तशा. जे सोडवायला आम्ही बसलो होतो, तेच तिने मन लावून करून ठेवलं होतं.

मालतीवहिनी, आमच्या पाचजणींतल्याच, एका शिक्षकांच्या पत्नी, तोंडाने तिखट. त्या म्हणाल्या, “अगं बाई, रुखवत मांडलंयस की काय?” कोणी हसलं नाही. सुनंदाला आधी कळेना, मग कळलं. तशी खाली बसून ती पुंगळ्या ओढून काढायला लागली.

रडायला वेळ नव्हता. एकात एक अडकलेले पेले कसे सोडवतो? चहाच्या शेगडीवर पातेलं चढवलं, पुंगळ्या फडक्यात धरून गरम पाण्यात बुडवल्या आणि लाकडी पाटावर तोंडं आपटायला लागलो. काही टुणकन सुटायच्या… काही अगदी हट्टाला पेटलेल्या.

आणि परेशभाई वेळेच्या आधी आले. उकळतं पातेलं बघून दारातच थांबले. “आ शुं, बेन? दाळ-ढोकळी बनावो छो?”

मी काहीतरी सारवासारव करणार, तोच सुनंदा उठली. “मी केलं हो भाऊ. मले वाटलं, जागा वाचीन.”

परेशभाईंनी क्रेटमधून दोन-चार जोड्या उचलून बघितल्या. आता हे काय बोलतात म्हणून मी मनात देवाचं नाव घेत होते. त्यांनी काय केलं, तर एक रिकामा क्रेट उलटा घालून त्यावर बसले आणि आमच्यासारखेच पाटावर पुंगळ्या आपटू लागले. पाच-सहा जोड्या आपटून झाल्यावर म्हणाले, “ज्या नाही सुटणार, त्या भट्टीत जातील. बाकीचा माल सारो छे, चालेल. सोमवारथी नवी पोती येतील.” मग सुनंदाकडे वळून… “अहीं जग्या बहु छे, बेन. छूटुं छूटुं राखो.”

इथे जागा पुष्कळ आहे, सुटं सुटं ठेवा… एवढंच. मगाशी न रडलेली सुनंदा हे ऐकून रडली. सिल्वासात आल्यापासून तिला असं कोणी म्हटलंच नसेल. मालतीवहिनींनी तिच्या हातात चहा दिला, तोही पहिला.

घरी आले, स्वयंपाकाला लागले. फडताळ उघडलं तर वाटीत वाटी, डब्यात डबा… माझ्याही आईने हेच शिकवलं. कमी जागेत मावणं हा गुणच मानला आपल्याकडे, आणि संसाराला तो लागतोही. पण मावता मावता एक पोर बाहेर राहिली, हे माझ्या मनातून जाईना. त्या संध्याकाळी देवापुढे बसले, तर स्वतःसाठी काही मागायचं सुचलंच नाही.

तर काम पक्कं झालंय. आता सुनंदाला खोली हवी… सिल्वासात किंवा गलोंड्याच्या रस्त्याला, भाडं बेताचं, पाणी असलेली. मोठी नको, पण आई, बाप आणि लेक तिघांना पाय पसरून झोपता यावं. कोणाच्या माहितीत असेल तर कृपा करून उलट टपाली कळवा. शाळा सुरू व्हायच्या आत तिला आणायचंय.