हलूनका भाऊ आणि हळदीकुंकू बदकं

“हलू नका!” हे दोन शब्द भाऊंनी आयुष्यात जितक्यांदा उच्चारले, तितक्यांदा देवाचं नाव घेतलं असतं तर वैकुंठाचं विमान त्यांच्या दारातच उतरलं असतं. लोणावळ्याच्या बाजारात त्यांचा फोटो स्टुडिओ होता. मागे रंगवलेला पडदा, त्यावर तळं आणि तळ्यात दोन राजहंस. पुढे स्टुलावर घामाघूम गिऱ्हाईक. सवय अशी जडलेली, की घरात दूध उतू जायला लागलं तरी भाऊ त्यालाच दटावायचे, “हलू नका!” गावानं त्यांचं नावच हलूनका भाऊ पाडलं.

आणि या माणसाला नाद कसला, तर उडत्या बदकांचे फोटो काढायचा! थंडीत धरणाच्या पाण्यावर चोचीला पिवळा-तांबडा टिळा असलेली हळदीकुंकू बदकं उतरली, की रविवारी स्टुडिओला कुलूप. मी शाळेतला मास्तर, त्यांच्या शेजारी राहणारा. एकदा म्हटलं, “भाऊ, पाण्यावर निवांत बसलेली असतात, तेव्हा काढा की.” भाऊ खिन्नपणे म्हणाले, “मास्तर, बसलेल्या बदकाचा फोटो म्हणजे पुन्हा गिऱ्हाईकच.”

मात्र बदक काही त्यांना गवसलं नाही. भाऊ मोठ्या हौसेनं फोटो दाखवायचे, त्यात नुसतं आभाळ, नाहीतर धरणाची भिंत. “बदक कुठाय?” असं विचारलं की कागदाच्या कडेवर बोट ठेवायचे. “आत्ताच गेलं बघा, इथनं.” वहिनी म्हणायच्या, आभाळाचा एवढा संग्रह वेधशाळेतही नसेल.

हात हलतो म्हणून फोटो हुकतो, असा शोध लागल्यावर त्यांनी सुताराकडून बंदुकीसारखा लाकडी दस्ता करून घेतला. त्यावर कॅमेरा बसवायचा, दस्ता खांद्याला टेकवायचा आणि झुडपात दबा धरून बसायचं. कल्पना उत्तम होती. फक्त एकाहत्तरची लढाई पेटलेली होती, खिडक्यांच्या काचांना काळे कागद लागले होते, आणि जो तो हेर शोधत होता, हे भाऊंच्या ध्यानातच आलं नाही.

त्या रविवारी दुपारी शिपाई मला बोलवायला आला. चौकीत भाऊ बाकावर बसलेले, धोतराला कुसळं चिकटलेली. समोर जवळच्या औंढे गावचे आबा आणि त्यांच्याबरोबर गवत कापायला गेलेले दोघे गडी. आबा फौजदारांना सांगत होते, “आमी आपलं गवत कापत व्हतो. झुडपात ह्यो बंदूक रोखून बसल्याला. एकदम वरडला, ‘हलू नका!’ आमी इळं टाकलं आन् हात वर केलं.”

“मग धरला कसा?”

“ह्यो आमच्याकडं बघंचना! वर आभाळातच डोळं. तवा म्हनलं, हाय काय आन् न्हाई काय, आन् धरला.”

“मी बदकांना म्हणालो,” भाऊ पुटपुटले.

“उडणाऱ्या बदकांना? हलू नका?”

“सवय हो, साहेब.”

फौजदारांना हसू आलं नाही. रोलमध्ये बदक निघालं तर घरी, नुसतं धरण निघालं तर हेर म्हणून पुण्याच्या तुरुंगात, असं त्यांनी बजावलं. भाऊंच्या रोलमध्ये काय निघतं, ते सगळ्या बाजाराला ठाऊक होतं! त्यात गावात रोल धुणारे भाऊ एकटेच. तेव्हा संशयितानंच स्वतःचा पुरावा धुवायचा, फौजदारांनी पहारा करायचा आणि मी पंच, अशी वरात स्टुडिओत निघाली.

रोल वाळल्यावर भाऊंनी तो दिव्यासमोर धरला. भिंत, भिंत, पाणी, भिंत. फौजदारांचा चेहरा आंबट होत चालला. शेवटच्या चौकोनाशी भाऊ थांबले. चष्मा कपाळावर सरकवला. लाल दिवा लावून त्यांनी तेवढ्याच फोटोचा कागद औषधाच्या ट्रेमध्ये सोडला.

आधी डोंगर उमटला. मग वर केलेले हात, मग आबा. आणि आबांच्या हातांवर, अगदी मधोमध, पंख पसरलेली हळदीकुंकू बदकांची जोडी. पिसं न् पिसं स्वच्छ! विळे खणखणले म्हणून दचकून मागे फिरलेली ती बदकं पहिल्यांदाच भाऊंच्या कागदावर थांबली होती. मी मोठ्यांदा “सुटलो!” म्हणालो, जसं काही मलाच धरलं होतं. फौजदार अखेर हसले आणि त्यांनी चहा मागवला. भाऊ मात्र ओला कागद धरून लहान मुलासारखे रडत होते.

त्यांनी आबांना एक प्रत देऊ केली. आबा लाजले. “हात वर केल्याला फोटु घरात कशाला? लोकं हसत्याल.” मग तो स्टुडिओच्या काचेमागे लागला. त्यानंतर पोरांचे फोटो काढताना भाऊ “हलू नका” म्हणेनासे झाले. म्हणायचे, “हलू देत. बदकं हलली म्हणूनच मिळाली.”

काही वर्षांनी भाऊ गेले. मला फार चुकल्यासारखं झालं, अजून होतं. वहिनी स्टुडिओ आवरत होत्या तेव्हा औंढ्याहून आबांचा मुलगा आला. आबाही गेले होते. “वैनी, तेवढा फोटु द्या,” तो म्हणाला. “आमच्या आबाचा दुसरा न्हाई.”

परवा आबांच्या घरी गेलो होतो. भिंतीवर हार घातलेले आबा, दोन्ही हात आभाळाकडे, आणि वर ती जोडी. सुनेनं कौतुकानं सांगितलं, “आमचं सासरं बदकं सोडत्यात.”

मी म्हटलं, “व्हय, मी तो फोटो उमटताना पाहिलाय.”