तोंडातला घोट

वाडीतल्या एका शाळेत मी खिचडी शिजवते. मागच्या वर्षी तिसरीच्या बाईंनी वाचनाचे गट पाडले. हुशार पोरं मोर, मधली पोपट, अडखळणारी चिमण्या. कुणाला कमी वाटू नये म्हणून अशी गोड नावं. पहिल्याच दिवशी वर्गाला कळलं की चिमणी म्हणजे ढ. पोरं लहान असतात, आंधळी नसतात.

बाई एका गटाजवळ बसल्या की बाकीचे दोन एकमेकांच्या झिंज्या उपटत. म्हणून त्यांनी मला बोलावलं. "आजी, तुम्ही चौथी पास ना? चिमण्यांना घेऊन बसा. मूल अडलं तर थांबायचं. शब्द सांगायचा नाही."

थांबायचं म्हणे! शेगडीवर डाळ ठेवून! एक पोरगी एकेका शब्दावर इतकी रेंगाळे की तेवढ्यात डाळ शिजून उतू जाईल. मी शब्द सांगून मोकळी होई. आठवड्याभरात ती फडाफडा वाचू लागली. मी स्वतःला बाईंपेक्षा मोठी बाई समजू लागले.

मग बाईंनी तिला नवं पुस्तक दिलं. पोरगी पुस्तकात बघेचना. नजर माझ्या ओठांवर. ते हलले की हिचा शब्द तयार.

"काहून वं, माह्या तोंडाकडे काय पाहून राहिली? तिथं छापलं आहे का?"

"तूच तं सांगते, आजी."

खरं होतं, म्हणून जास्तच राग आला.

बाईंनी हे पाहिलं, पण मला रागावल्या नाहीत. शिकलेली माणसं असाच छळ करतात. एवढंच म्हणाल्या, शनिवारी पुन्हा वाचून घेऊ. नाही जमलं तर वाचनाच्या तासाला हिला पहिलीत बसवू. पहिलीत तिचा धाकटा भाऊ होता. पोरीचं तोंड एवढंसं झालं.

दुसऱ्या दिवसापासून मी तोंडात पाण्याचा घोट धरून बसू लागले. गप्प राहण्याचा दुसरा उपाय मला ठाऊक नव्हता. आयुष्यात कधी गरजच पडली नव्हती. पोरगी अडली की माझ्याकडे बघे, मी गाल फुगवून पुस्तकाकडे बोट दाखवी.

"आजीचं टमाटर झालं!" बाकीच्या चिमण्या खिदळत.

दोन दिवस तिने रडण्यात घालवले. तिसऱ्या दिवशी अक्षरावर बोट ठेवून, कुथत कुथत, एक ओळ वाचून काढली.

शनिवारी बाई पुस्तक घेऊन बसल्या, मी घोट घेऊन. तीन ओळी गेल्या आणि 'पिंपळाखाली'वर गाडी अडली. पोरीने माझ्याकडे पाहिलं. बाईंनीही पाहिलं. घोट कोमट झाला, गाल दुखू लागले, स्वयंपाकाच्या खोलीतून करपल्याचा वास आला. मी हलले नाही.

"पिं... पळा... खाली," पोरगी म्हणाली आणि पुढची ओळ न विचारता वाचायला लागली.

बाईंनी तिला पोपटांत बसवलं. मी घोट गिळून शेगडीकडे धावले, पण उशीर झाला होता.

त्या दिवशी सगळ्या शाळेने जळकी खिचडी खाल्ली. पहिली तक्रार तिचीच. "आजी, कशी खिचडी केली वं आज?"

तोंडात पाणी नव्हतं, तरी मी गप्प बसले.