पुढे रिक्षा, मागे सबनीस

दिनानाथ सबनीसांनी गाडी घेतली ती बायकोच्या गुडघ्यासाठी. हे त्यांनी विचुंब्यातल्या आपल्या सोसायटीत इतक्या जणांना सांगितलं होतं, की आशालताबाईंचा उजवा गुडघा तिथे चेअरमनपेक्षा जास्त प्रसिद्ध झाला होता. जिन्यात भेटणाऱ्या बायका आधी गुडघ्याची चौकशी करत आणि मग सवड असली तर आशालताबाईंची.

गुडघा दुखत होता हे मात्र खरं. आशालताबाई जुन्या पनवेलमधल्या एका शाळेत गणित शिकवायच्या आणि रोज सिक्स सीटर रिक्षाने जायच्या. त्या रिक्षांची पायरी कुणाच्या मापाने बसवलेली असते देव जाणे. बाई दांडीला धरून, दात आवळून वर चढायच्या तेव्हा खाली उभे सबनीसही दात आवळायचे. लग्नाला वीसेक वर्षं झाली तरी आवळायचे. हे आत्ताच सांगून ठेवलेलं बरं, कारण या गृहस्थांची पुढे बरीच फजिती व्हायची आहे आणि ती कुणापायी झाली हे विसरता कामा नये.

सबनीस नोकरीला द्रोणागिरीच्या एका कंटेनर यार्डात. आत येणाऱ्या प्रत्येक कंटेनरचं सील स्वतः हलवून पाहिल्याशिवाय सही करायची नाही, हा तिथला शिरस्ता, आणि तो अंगात इतका भिनलेला की घरी आणलेली कोबीसुद्धा ते हलवून बघत. नवी गाडी आवाक्यातली नव्हती, म्हणून जुनी शोधायची ठरली. मग काय, दर रविवारी हा माणूस खिशात लोहचुंबक आणि पांढरा रुमाल घेऊन बाहेर पडू लागला. ठोकरलेल्या पत्र्यावर लांबी, म्हणजे पुट्टी, भरली आहे का ते चुंबकाने कळतं आणि धुराचा रंग रुमालावर कळतो, असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. पनवेलमधल्या निम्म्या जुन्या गाड्यांना त्यांनी चुंबक लावला असेल. शेवटी, साल दोन हजार सहामध्ये, चुंबक एका गाडीला मनासारखा चिकटला.

ती न्यू पनवेलला यूनुसभाईंच्या दारात उभी होती. ब्याण्णव सालची, चार दारांची, लहानखुरी, पिस्त्याच्या रंगाची. यूनुसभाई कुवेतला नोकरीला, सुट्टीवर आलेले. सबनीसांनी त्यांना गाडीविषयी जे जे विचारता येईल ते सगळं विचारलं आणि यूनुसभाईंनी प्रत्येक प्रश्नाचं उत्तर छातीवर हात ठेवून दिलं. मध्येच त्यांच्या बायकोने, कुलसुमभाभींनी, सरबत आणलं. ट्रे ठेवता ठेवता त्या म्हणाल्या, "साहेब, गाडीचं सकाळचं जरा..."

"वहिनी, सरबत फार छान झालंय," सबनीस अदबीने म्हणाले आणि पुन्हा यूनुसभाईंकडे वळून टायरचं विचारू लागले. भाभी आत गेल्या. व्यवहार दोन पुरुषांत झाला, हातात हात मिळाले, पेढे वाटले गेले.

गाडी चालवायला सबनीस मोटार ट्रेनिंग स्कूलमध्ये शिकले होते, आणि तिथली गाडी नव्या जमान्याची होती, किल्ली फिरवली की सुरू. पिस्ता गाडीत नव्या गाडीपेक्षा एक गोष्ट जास्त होती. स्टिअरिंगखाली एक काळी मूठ. तिच्यावरचं चित्र झिजून गेलेलं. सबनीसांनी ती ओढून पाहिली, काही झालं नाही. ढकलून पाहिली, तरी काही झालं नाही. मग त्यांनी तिथे टिफिनची पिशवी अडकवली, तर ती अशी चपखल बसली की जुन्या काळच्या कारखानदारांना नोकरदाराच्या जेवणाची किती काळजी होती, या विचाराने त्यांना भरून आलं.

पहिलाच मोठा दौरा नेऱ्याला. आशालताबाईंच्या मावसबहिणीच्या मुलीचा साखरपुडा तिथल्या एका फार्महाऊसवर होता. बाई नवी कांजीवरम नेसून ऐटीत पुढे बसल्या. आहेराची आणि नारळांची पिशवी सबनीसांनी हौसेने त्या मुठीला अडकवली. विचुंबे सोडलं, गाडीने दोन खड्डे ओलांडले, मग ती खोकू लागली, मागून काळा धूर निघाला, आणि नेऱ्याच्या अलीकडे, जिथे सावलीला झाड नाही अशी जागा निवडून ती बंद पडली. स्टिअरिंगवर कुणीतरी हवं, म्हणून सबनीस आत बसले. धक्का कुणी मारायचा हा प्रश्न उरला नाही. कांजीवरमचा पदर खोचून आशालताबाई गाडी ढकलत असताना त्यांच्या माहेरच्या माणसांनी भरलेली मिनीबस शेजारून गेली, आणि आतल्या झाडून सगळ्यांनी हात हलवले.

घरी आल्यावर बाई शांतपणे म्हणाल्या, "मी या गाडीत पुन्हा बसणार नाही."

सबनीस घाबरले. बायको भांडली असती तर ते घाबरले नसते. पण आशालताबाईंनी कधीकाळी सासूबाईंच्या एका शब्दावरून चहा सोडला होता, तो सासूबाईंनी स्वतः हात जोडले तरी पुन्हा घेतला नव्हता. त्यांचं शांतपणे बोललेलं वाक्य म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

दुसऱ्या दिवसापासून पनवेलच्या रस्त्यावर एक मिरवणूक सुरू झाली. पुढे सिक्स सीटर, मागे सबनीस. बायको वर चढताना अडखळली तर, वाटेत तिचं मन पालटलं तर, म्हणून ते रोज रिकामी गाडी घेऊन रिक्षाच्या मागे मागे जायचे, तिला शाळेशी पोचवायचे आणि मग द्रोणागिरीचा रस्ता धरायचे. त्या रिक्षांत मागच्या बाकावरची माणसं मागे तोंड करून बसतात. आशालताबाईंना चढायला तोच बाक सोयीचा. त्यामुळे नवराबायको रोज समोरासमोर बसून, मध्ये चार हात रस्ता ठेवून, एकाच वेगाने पनवेलला जायची. सबनीस काचेतून केविलवाणं हसायचे. बाई पुलाच्या कठड्याकडे बघायच्या. शेजारची दोघं हा सगळा संसार आळीपाळीने न्याहाळायची.

बरं, नुसतं मागे जाणं तरी सुखाचं होतं का? गाडी मुळात सकाळी सुरूच होत नसे. किल्ली फिरवायची, ॲक्सिलरेटर दाबदाब दाबायचा, पेट्रोलचा वास सगळ्या सोसायटीभर सुटायचा, की मग बागेत हसण्याचा व्यायाम करणारी निवृत्त मंडळी आपणहून यायची. त्यांचे म्होरके उदयसिंह, रिटायर्ड फौजदार. "सबनीस, न्यूट्रल नको, दुसरा टाका," ते गर्जायचे आणि सहा पेन्शनर गाडीला भिडायचे. पुढे पुढे ही मंडळी हसण्याचा व्यायाम आटोपता घेऊन वेळेवर गाडीपाशी थांबू लागली. उदयसिंहांची शुगर उतरली. सबनीसांना मात्र मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. तेवढ्यातून गाडी सुरू झालीच, तर ते पिशवी मुठीला अडकवायचे आणि निघायचे. न्यू पनवेल येईतो ती खोकायला लागायची, आणि बहुतेक दिवशी रेल्वेवरच्या उड्डाणपुलावर प्राण सोडायची. पुढची रिक्षा बायकोला घेऊन लहान लहान होत जायची आणि सबनीस पुलावर हताशपणे उभे राहायचे.

गाडी कमळाकर मेकॅनिककडे किती वेळा नेली त्याला सुमार नाही. सबनीस नेटका माणूस. गाडी दुसऱ्याच्या हाती देण्याआधी ते आपली पिशवी काढून घ्यायचे. कमळाकर गरम गाडीत बसायचा, किल्ली फिरवायचा, गाडी एका दमात सुरू.

"काय झालंय हिला साहेब? ठणठणीत हाय," तो म्हणायचा. "प्लग तेवढे काळे पडतात. चोक ओढून ठेवत नाय ना तुमी?"

चोक हा शब्द सबनीसांनी ऐकला होता. तो बॉनेटखाली कुठेतरी, कार्बोरेटरच्या आसपास असणार असं त्यांनी धरून ठेवलं होतं. "मी कशालाच हात लावत नाही," ते ताठ मानेने म्हणाले. कमळाकरने प्लग पुसून दिले.

असे महिने गेले. गाडी विकून टाक, असं ऑफिसात सगळे सांगायचे. पण विकली असती तर बायकोसाठी केलेली एकुलती एक मोठी गोष्ट चुकली, असं कायमचं ठरलं असतं. ते सबनीसांच्याने होईना. तिला एकदा, फक्त एकदा, आपल्या गाडीतून सुखाने शाळेत सोडायचं, एवढीच या माणसाची महत्त्वाकांक्षा उरली होती.

मग एके दिवशी न्यू पनवेलच्या स्टॉपवर आशालताबाईंच्या शेजारी कुलसुमभाभी येऊन बसल्या. त्यांचं पनवेल बाजारात ड्रेस मटेरियलचं दुकान होतं, तिकडेच निघाल्या होत्या. सबनीसांनी काचेआडून नमस्कार केला. भाभींनी मान हलवली, पण त्यांची नजर गाडीवर होती. दुसऱ्या दिवशीही तसंच. दोघी बायका गाडीकडे टक लावून बघत होत्या आणि बोलत होत्या. भाभी मध्येच हाताने काहीतरी ओढल्याची खूण करायच्या आणि आशालताबाई कपाळाला हात लावायच्या. आपली निंदानालस्ती चालली आहे याबद्दल सबनीसांना शंका उरली नाही. यूनुसभाईंनी आपल्याला फसवलं, आणि आता त्यांची बायको आपल्या बायकोला ते रंगवून सांगते आहे, या विचाराने त्यांचे कान तापले.

तिसऱ्या दिवशी पुलावर वाहनांची रांग लागली होती. रिक्षा थांबली, मागे सबनीस थांबले, आणि गाडी नेहमीसारखी खोकू लागली. काळा धूर निघाला. रिक्षातून कुलसुमभाभी खाली उतरल्या आणि तरातरा चालत आल्या. मागोमाग आशालताबाई गुडघा सांभाळत उतरल्या. भाभींनी खिडकीतून हात आत घातला, मुठीला लटकलेली टिफिनची पिशवी काढून सबनीसांच्या मांडीवर ठेवली आणि मूठ आत ढकलली.

गाडीचा खोकला थांबला. अंगाई म्हटल्यासारखी ती मऊ घुरघुरू लागली. सबनीस एकदा मुठीकडे, एकदा मांडीवरच्या पिशवीकडे बघू लागले.

"हा चोक आहे, साहेब," भाभी म्हणाल्या. "सकाळी थंड गाडी सुरू करताना ओढायचा, ॲक्सिलरेटर दाबायचा नाही. चालू झाली की हळूहळू आत सारायचा. तुम्ही सुरू करताना आत ठेवता आणि चालताना डबा लटकवून बाहेर ओढता. बाईंकडून ऐकलं तेव्हा मला वाटलं, मस्करी करतायत. म्हणून आधी स्वतः बघायचं ठरवलं."

"पण यूनुसभाई तर काहीच बोलले नाहीत."

"त्यांना काय माहीत? ते वर्षाला महिनाभर घरी येतात. दुकान, बाजार, मुलांची शाळा, सगळं मी केलं या गाडीवर. मी त्या दिवशी सांगायला आले, तर तुम्ही सरबताची तारीफ केली." मग त्यांनी गाडीच्या टपावर हात ठेवला. "विकताना मलाही कुणी विचारलं नाही. पुढच्या सुट्टीत नवी घेऊन देतो म्हणाले. नवीचं कुणाला पडलंय? माझा जीव हिच्यात होता."

सबनीसांना मेल्याहून मेल्यासारखं होण्याची सवय होती, पण आजचं निराळं होतं. महिनोन्महिने यार्डातल्या कंटेनरसारखी गाडी हलवून पाहिली, तिला चुंबक लावले, रुमाल धरले, आणि ती जिने चालवली तिला एक प्रश्न विचारला नाही. ते दार उघडून खाली उतरले. "वहिनी, चुकलं माझं," ते म्हणाले. "तुम्ही बसा. चालवा."

भाभींनी आढेवेढे घेतले नाहीत. त्या बसल्या, सीट पुढे ओढली, ओढणी खांद्यावर नीट केली आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. पुढची रांग हलली होती. रिक्षावाला दोन बायकांची वाट बघून निघून गेला होता. मागचे हॉर्न बोंबलू लागले. पुलावर उरल्या आशालताबाई, आणि हातात डबा घेतलेले सबनीस.

"बस ना," सबनीस म्हणाले.

"तुम्ही चालवत असाल तर बसणार नाही, असं म्हटलं होतं मी."

"असं नव्हतं म्हटलंस."

"मग आता म्हणते," गणिताच्या बाई म्हणाल्या आणि पुढचं दार उघडून भाभींच्या शेजारी बसल्या. सबनीस मागे जाऊन बसले, डबा मांडीवर घेऊन.

पूल उतरला, बाजार आला, गाडीने एकदाही कुरकुर केली नाही. पुढे दोघी जणी सबनीस गाडीत नसल्यासारख्या बोलत होत्या. कापडाचे पन्ने झाले, शाळेतल्या नव्या हेडबाई झाल्या. सबनीस बायकोच्या अंबाड्याकडे बघत होते आणि त्यांना इतका आनंद झाला होता की आपण चालवत नाही याचं दुःख करायला जागाच उरली नव्हती.

शाळेशी आशालताबाई उतरल्या. पायरी नव्हती, दांडी नव्हती, दात आवळावे लागले नाहीत. "उद्या भाभींना त्यांच्या घरून घ्यायचं," त्यांनी खिडकीपाशी वाकून नवऱ्याला सांगितलं. "पुढे त्या चालवतील. मलाही शिकवणार आहेत."

सबनीसांनी धीर करून विचारलं, "पण विचुंब्याहून भाभींच्या घरापर्यंत गाडी मीच आणणार ना? तेवढा वेळ तू रिक्षाने येणार?"

आशालताबाईंनी पर्स खांद्यावर अडकवली. मग, चहा सोडल्यापासून त्या घरात कुणी पाहिलं नव्हतं असं काहीतरी घडलं. त्यांनी माघार घेतली.

"तेवढा वेळ मी शेजारी बसेन," त्या म्हणाल्या. "नाहीतर उद्या पुन्हा कशालातरी काहीतरी लटकवाल."